काळ्या पेल्याची किंमत

अण्णांच्या जलतरंगात पंधरा पेले होते. आता चौदा आहेत. पंधरावा मी विकला. हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढे मी चिनी पेल्यांच्या संग्राहकांना चार शब्द सुनावणार आहे, आणि सुनावणारा स्वतः कितपत निर्दोष आहे हे वाचकांना ठाऊक असावे.

अण्णा म्हणजे माझे वडील. येथल्या दरबारी कलावंतांची ती शेवटची पिढी. आजोबांच्या मागे बसून पोरवयात त्यांनी राजवाड्यात हजेरी लावली, आणि १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलेले नव्हते. दरबार गेला, पण दरबारी वादकाच्या रीती त्यांच्या अंगातून गेल्या नाहीत. वाजवावयास बसण्यापूर्वी पेले ते स्वतः धूत, स्वतः पुसत. आईलासुद्धा हात लावू देत नसत. चौदा पेले पांढऱ्यावर निळ्या नक्षीचे होते. एकच आतबाहेर गडद तपकिरी, दाट काढ्याच्या रंगाचा, दिव्याखाली काळाच दिसणारा. तो गांधाराचा पेला. थोडे पाणी अधिक घातले की कोमल, थोडे काढले की शुद्ध. अण्णा म्हणत की हा पेला सांगितलेले ऐकतो.

अण्णा गेल्यानंतर दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, दांडिया बाजारातल्या आमच्या घराचे छप्पर उतरवावे लागले. त्याच सुमारास जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला. निळ्या पेल्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. काळा पेला उचलला, उलटा केला, बुडावरून नख फिरवले आणि म्हणाला, "मास्तर, हा एकटा देता का? असले काळे चिनी पेले लोक हजार वर्षांचे म्हणून घेतात." मी विचारले, "हा हजार वर्षांचा आहे का?" तो हसला. "ते घेणाऱ्याने ठरवायचे." छपराचा निम्मा खर्च भागला.

त्यानंतर मी जे वाचू लागलो ते खरे म्हणजे आधी वाचावयास हवे होते.

ज्यांच्या नावावर माझा पेला खपला ते अस्सल काळे पेले चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूजियान प्रांतातले. तेथे जियानयांगजवळ श्वेइजी नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या डोंगरउतारांवर सोंग राजवटीत, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या काळात, भट्ट्या पेटत होत्या. आपल्या कुंभाराच्या आव्यावरून त्यांची कल्पना करू नये. उतारावर खालून वर चढत गेलेला विटांचा बोगदाच तो. चिनी लोक तिला ड्रॅगन भट्टी म्हणतात. उत्खननात सापडलेली एक भट्टी १३५ मीटरांहून लांब निघाली. अशा भट्टीत एका खेपेला लाखाच्या घरात पेले भाजले जात असावेत, असा अंदाज आहे. आज काचेच्या पेटीपुढे लोक ज्याच्याकडे श्वास रोखून पाहतात, तो पेला त्याच्या जन्मकाळी ढिगाने निघणारा माल होता.

तिथल्या मातीत लोह भरपूर. त्यामुळे पेल्याचे अंग काळपट तपकिरी, दाणेदार आणि जाड होते. झिलईही मातीची आणि लाकडाच्या राखेचीच, पण तिच्यातही लोह. प्रत्येक पेला मातीच्या स्वतंत्र डब्यात ठेवून सुमारे १३०० अंशांपर्यंत तापवीत. एवढ्या आचेला झिलई मधासारखी पातळ होऊन काठावरून खाली ओघळते. म्हणून या पेल्यांचा काठ गंजल्यासारखा तांबूस व खरखरीत राहतो, आणि खाली बुडाच्या अलीकडे झिलईची जाड वळी किंवा एखादा थेंब अडकून बसतो. बूड उघडेच. काठ खरखरीत म्हणून पुष्कळ पेल्यांना पुढे चांदीची किंवा दुसऱ्या धातूची कडी बसवलेली दिसते.

आता गंमत पाहा. वितळलेल्या झिलईत बुडबुडे उठतात; ते वर येताना लोह सोबत आणतात आणि पृष्ठभागावर फुटतात. त्या जागी लोहाचा रुपेरी ठिपका राहतो. आच तेथेच आवरली तर काळ्या पाण्यावर तेलाचे थेंब पसरावेत तसा पेला निघतो. आच आणखी टिकली तर तेच ठिपके उतारावरून ओघळतात आणि त्यांच्या बारीक रेघा होतात, सशाच्या लवेसारख्या. चिनी भाषेत त्यांना नेमके तेच नाव आहे. आम्हा संगीतवाल्यांना हे चटकन समजते: एका स्वरावर थांबले तर तो स्वर, तेथून घसरत आले तर मींड. फरक एवढाच की गवई घसरण्याचा मालक असतो, आणि कुंभार भट्टीचे तोंड लिंपून बाहेर बसून राहतो.

२०१४ साली शास्त्रज्ञांनी या झिलईचे क्षकिरणांनी परीक्षण केले, तेव्हा त्या ठिपक्यांत आणि रेघांत लोहाच्या ऑक्साइडचा एक अतिदुर्मिळ प्रकार आढळला. प्रयोगशाळेत तो शुद्ध रूपात करणे आजही अवघड आहे, आणि चुंबकीय गुणांमुळे त्याच्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आहे. नऊशे वर्षांपूर्वी लाकूड जाळणाऱ्या माणसांनी तो नकळत करून ठेवला.

पण हा पेला काळाच का? याचे उत्तर चहात आहे, आणि माझे म्हणणे येथूनच सुरू होते. सोंग काळचा चहा आपल्यासारखा उकळून गाळलेला नव्हे. पाने वाफवून, दाबून त्यांच्या वड्या करीत; वडी भाजून, दळून वस्त्रगाळ पूड करीत; ती तापवलेल्या पेल्यात घालून वर गरम पाणी ओतीत, आणि बांबूच्या काड्यांच्या रवीने घुसळीत. वर पांढराशुभ्र फेस येई. तो किती दाट आला आणि किती वेळ टिकला यावर पैजा लागत. ज्याचा फेस आधी मोडून पेल्याच्या कडेला पाण्याची रेघ दिसली तो हरला. पांढरा फेस काळ्यावर उठून दिसतो, आणि जाड पेल्यात चहा लवकर निवत नाही. त्साय श्यांग हा फूजियानचाच माणूस. मोठा अधिकारी आणि नामांकित सुलेखनकार. अकराव्या शतकाच्या मध्यावर त्याने चहावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला, त्यात हीच कारणे देऊन जियानच्या काळ्या, सशाच्या लवेच्या पेल्यांना पहिला मान दिला आहे. सौंदर्याचे कौतुक त्याने केले, पण ते कामाच्या अंगाने. एखादा तबलजी शाईबद्दल बोलतो तसे.

त्याच्यानंतर दोन पिढ्यांनी सम्राट हुइत्सोंगनेही चहावर लिहिले. हा राजा स्वतः उत्तम चित्रकार, अक्षरांची स्वतःची शैली असलेला. काळ्यानिळ्या झिलईत रेघा लांब आणि स्पष्ट उतरलेला पेला त्याला पसंत. भट्टीच्या परिसरात बुडावर 'सम्राटाच्या सेवेस' अशा अर्थाची अक्षरे कोरलेले पेल्यांचे तुकडे सापडतात. ११२७ साली उत्तरेकडील जुर्चेनांनी काइफेंग राजधानी घेऊन या रसिक राजाला कैद करून नेले, आणि ११३५ साली तो कैदेतच वारला. दरबाराच्या सावलीत वाढलेल्या घरांतून हे वाचताना थोडे थांबावेसे वाटते. पण त्या पेल्यांचे दिवस राजाबरोबर संपले नाहीत, हे लक्षात घ्यावे. हांगचौला नवी राजधानी झाली, चहा घुसळणे चालूच राहिले, आणि भट्ट्याही पेटत राहिल्या.

त्यांची पीछेहाट झाली ती पुढे, चहा पिण्याची रीत बदलली तेव्हा. युआन काळातच त्या मंदावल्या होत्या. १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दाबलेल्या वड्यांचा नजराणा बंद करून सुट्या पानांचा चहा मागवावयास सुरुवात केली. सुटी पाने किटलीत भिजवावयाची, पिवळसर पाणी पांढऱ्या पातळ पेल्यात ओतावयाचे; त्यात काळ्या जाड पेल्याला काम उरले नाही. कोणी बंदी घातली नाही, कोणी भट्ट्या फोडल्या नाहीत. मागणी गेली, मागोमाग हात गेले, आणि काही पिढ्यांनी ती आच कशी राखावयाची हे सांगणारा कोणी राहिला नाही. जेम्स मार्शल प्लमर हा चीनच्या जकात खात्यात काम केलेला अमेरिकन १९३५ साली भट्ट्यांचा माग काढीत तेथे पोचला, तेव्हा त्याला फुटक्या पेल्यांचे आणि मातीच्या डब्यांचे डोंगर मिळाले. त्याचा ग्रंथ त्याच्या पश्चात १९७२ साली निघाला.

चीनमध्ये जे विसरले गेले ते जपानमध्ये राहिले. त्सेच्यांग प्रांतातल्या त्येनमू पर्वतावरील मठांत शिकावयास गेलेले जपानी भिक्षू हे पेले घेऊन परतले, म्हणून जपानीत त्यांना त्या पर्वताच्या नावावरून 'तेनमोकु' म्हणतात. पेल्याबरोबर चहाची पूड आणि रवीही गेली, आणि आजतागायत ती त्या देशात चालू आहे. म्हणून तेथे पेला निराधार झाला नाही. पुढे सेन नो रिक्यूच्या काळात साध्या ओबडधोबड पेल्यांकडे ओढा वळला. तरी देवाला चहा अर्पण करताना आणि थोर पाहुण्यापुढे ठेवताना बैठकीवरचा तेनमोकु लागतच राहिला.

जपान्यांना मी केवळ शहाणे म्हणावे असेही नाही. आशिकागा शोगुनांच्या संग्रहासंबंधीच्या जुन्या टिपणातच या पेल्यांची प्रतवारी आहे: पहिला 'योहेन', ज्याच्या काळ्या झिलईत ठिपक्यांभोवती निळीजांभळी आभा बदलत राहते, दुसरा तेलथेंबांचा, बाकीचे त्यांच्याखाली. किमतीही शेजारीच. म्हणजे दर लावण्याचा रोग आजचा नाही. अखंड योहेन जगात तीनच मानले जातात, तिन्ही जपानमध्ये, तिन्ही राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेले. २००९ साली हांगचौच्या जमिनीतून अशाच एका पेल्याचे तुकडे निघाले. तोवर काही अभ्यासक म्हणत की चिनी लोकांनी योहेन अशुभ समजून देशाबाहेर घालवला. जुन्या राजधानीतच तुकडे मिळाल्यावर ते म्हणणे लंगडे पडले.

त्या तीनपैकी एकाची गोष्ट मला फार दिवस छळते आहे. हा पेला तोकुगावा शोगुनांकडे होता. तेथून तो शोगुन इएमित्सूच्या दाईकडे आणि तिच्याकडून इनाबा घराण्यात गेला. १९३४ साली मित्सुबिशीचे धनी इवासाकी कोयाता यांनी तो घेतला. असा पेला आपल्यासारख्याने वापरणे योग्य नव्हे, असे म्हणून त्यांनी त्यात एकदाही चहा घेतला नाही, असे सांगतात. हा विनय ऐकून लोक मान डोलवतात. मला मात्र त्या पेल्याची कीव येते. शोगुनाच्या दाईच्या वारसांनाही जो संकोच वाटला नाही, तो या धनिकाला का वाटावा?

यावर मला उत्तर मिळेल की वापरला असता तर फुटला असता. बरोबर आहे. अण्णांचे पेले धुताना माझ्याच हातून एक तडकला होता आणि आठ दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोलले नव्हते. फुटण्याची भीती मी खोटी मानत नाही. काचेच्या पेटीलाही माझा विरोध नाही. उलट खाजगी कपाटापेक्षा ती कितीतरी बरी. ओसाकाच्या आताका कंपनीने अपार पैसा ओतून चिनी-कोरियन भांडी जमवली. १९७० नंतरच्या दशकात कंपनी बुडाली. सुमितोमो समूहाने तो ९६५ नगांचा संग्रह फोडून विकला नाही, ओसाका शहराला दिला, आणि १९८२ साली तेथे संग्रहालय उघडले. तेलथेंबांचा राष्ट्रीय ठेवा असलेला पेला आज तेथे आहे. शाळेतले पोरही तिकीट काढून त्याच्यापुढे उभे राहू शकते.

माझी तक्रार आहे ती तिसऱ्या प्रकाराबद्दल. आताकांच्याच संग्रहातून पूर्वी बाहेर पडलेला एक तेलथेंबांचा पेला सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात आला. अंदाज होता पंधरा ते पंचवीस लाख डॉलरांचा. गेला १ कोटी १७ लाखांना. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमधल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका गृहस्थाच्या घरचा पेला 'चौथा योहेन' म्हणून जाहीर झाला आणि अडीच कोटी येनांची किंमत सांगितली गेली. जाणकारांनी तत्काळ हरकत घेतली; अलीकडची पर्यटकी नक्कल असावी इथपर्यंत बोलणे गेले. वाद निकाली लागला असे म्हणवत नाही. पण या दोन्ही प्रसंगी माझ्या लक्षात राहिले ते एवढेच, की बातम्यांत पेल्याचे आकडे होते, पण चहाचा उल्लेखही नव्हता.

असा भाव चढला की भट्टीच्या ढिगाऱ्यांचे काय होते ते सांगावयास नको. तेथले वाया गेलेले पेले, डब्याला चिकटलेले, वाकलेले, लोकांनी उकरून काढले, घासूनपुसून, तडे बुजवून बाजारात आणले. नव्या मातीचे जुने पेलेही आले. संग्राहकाने यावर उपाय काय करावा? पुस्तके वाचावीत हे झालेच. पण आधी त्याने चांगला पेला सोडून फुटका तुकडा हातात घ्यावा. तुकड्याची कड अंगाचा रंग सांगते, झिलई किती जाड हे दाखवते, वजन शिकवते. सुरुवातीलाच अखंड वस्तूच्या मागे लागणारा माणूस, पलटे न घोकता ठुमरी मागणाऱ्या शिष्यासारखा असतो. असे शिष्य माझ्याकडे दर जूनमध्ये चारदोन येतात.

आणि हात गेले ते परत येतात का, याचेही उत्तर याच पेल्यांत सापडते. सहज नाही, पण येतात. फूजियानमध्ये १९७९ पासून प्रयत्न करून सशाच्या लवेचा पेला पुन्हा साधला, आणि २०११ साली चीनने या भाजणीला राष्ट्रीय अमूर्त वारशात स्थान दिले. जपानातल्या सेतो गावी नागाए सोकिची हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणारे एक कुंभार घराणे. आठव्याने योहेनचे कोडे सोडवण्यास आरंभ केला आणि ते न सुटताच तो गेला. नवव्याने, म्हणजे मुलाने, फूजियानहून माती आणवून वर्षानुवर्षे भट्टी पेटवली. त्याला तो पेला जसाच्या तसा साधला की नाही, यावर दुमत होईल. मला त्या बापलेकांचा हेवा वाटतो. बापाने अर्धवट सोडलेले काम मुलाने पुढे नेले. मी तर बापाने पूर्ण करून ठेवलेले मोडले.

आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात, जेथे आपण सगळे लहानपणी देवमाशाचा सांगाडा आणि ममी पाहून परतलो, चीन-जपानच्या वस्तूंचेही दालन आहे. तेथे मुले क्वचितच रेंगाळतात, आणि त्यांचा दोष नाही. काचेपलीकडची वाटी म्हणजे त्यांना वाटीच. महाराज सयाजीरावांनी हे संग्रहालय शिक्षणासाठी काढले. तेथे एका मेजावर चिनी मातीचे, दगडी भांड्यांचे, आपल्या कुंभाराच्या मडक्यांचे फुटके तुकडे ठेवावेत, मुलांना ते उचलू द्यावेत, नखाने वाजवू द्यावेत, एवढीच माझी सूचना आहे. फुटलेल्याला पुन्हा फुटण्याचे भय नसते. आणि गावातल्या जुन्या वाड्यांतून, ज्यांच्या कपाटांत आजेसासूबाईंच्या काळची चिनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून आहेत, त्यांनी दिवाळीला तरी ती काढून त्यांत काहीतरी वाढावे. दरवेळी सगळी नव्हे, एखादे.

माझ्या पेल्याचे सांगावयाचे राहिले. तो हजार वर्षांचा नव्हता. जियानच्या पेल्याचे बूड काळपट असते हे वाचले, त्या रात्री मला अण्णा पेले पुसून पालथे घालीत ते आठवले: पंधरा पांढऱ्या कड्या ओळीने. काळ्याचेही बूड पांढरेच होते. पांढऱ्या चिनी मातीवर तपकिरी झिलई, फार तर दोनतीनशे वर्षांचा, कदाचित त्याहून कमी. ज्याने तो हजार वर्षांचा म्हणून घेतला असेल तो फसला, आणि ज्याने विकला तोही.

त्याच्या जागी मी स्टीलची वाटी लावून पाहिली, मग काचेचा वाडगा, मग बाजारातला नवा पेला. स्वर मिळतो, पण शेजारच्या ऋषभाशी त्याचे जमत नाही, मागे राहून एकटाच घणघणतो. विद्यार्थ्यांना फरक कळत नाही. त्यांना तो पहिला ऐकावयास मिळालाच नाही.

तो पेला या गावातच कोणाच्या कपाटात असेल, तर मी तो परत मागत नाही. तेवढे पैसे माझ्याजवळ नाहीत. एकदा फक्त बाहेर काढावा. सपाट जागी मऊ कापडावर ठेवून तळापासून दोन बोटे पाणी घालावे आणि बांबूच्या बारीक काडीने काठावर हलके मारावे. कोमल गांधार लागेल. पाणी चमच्याने काढीत गेले की शुद्ध. आधी मात्र तो स्वतःच्या हाताने धुवून कोरडा पुसावा. अण्णा तसेच करीत.